समान वेळेची जागा

टोकियो, १९ मे

दादा,

पत्राच्या सुरुवातीला ख्यालीखुशाली विचारायची असते. तू जिवंत आहेस हे मला तुझ्या सहीवरून कळलं. मी जिवंत आहे हे तुला या पत्रावरून कळेल. तेवढं पुरे.

हेलसिंकीत बसून तू नेमलेल्या कंपनीचं पाकीट काल माझ्याकडे आलं. त्यावर 'माहितीसाठी प्रत' असा शिक्का होता. माहिती अशी, की वीस जुलैला गावातलं आईचं थडगं उघडणार. दगड काढून नेणार, जमीन सपाट करून देवळाला परत देणार. आणि आईचा अस्थिकलश टोकियोतल्या एका सात मजली अस्थिगृहात ठेवणार. विमानतळापासून वीस मिनिटांवर, असं त्यांनी ठळक अक्षरांत छापलं आहे. तिथे कार्ड दाखवलं की कलश पट्ट्यावरून सरकत समोर येतो. विमानतळावर बॅग येते तसा.

इथपर्यंत मी शांतपणे वाचलं. तिसऱ्या पानावर कलश गावाहून टोकियोला कसा जाणार ते लिहिलं आहे. टपालाने. पार्सल करून.

हे कायदेशीर आहे. मी तपासलं. अशी पार्सलं रोज जातात, टपालखातं ती स्वीकारतं, आणि थडगं तुझ्या नावावर असल्यामुळे तुझी एकट्याची सही पुरते. मी धाकटी, त्यातून मुलगी. मला प्रत मिळते.

माझं काम तुला कधी नीट कळलं नाही, म्हणून एकदाच सांगते. विमान कोणत्या मार्गाने जाणार, किती इंधन घेणार, कुठे वादळ आहे, मध्येच इंजिन बंद पडलं तर कोणत्या धावपट्टीवर उतरणार, हे मी जमिनीवर बसून ठरवते. त्या आराखड्यावर माझी सही होते आणि कॅप्टनची होते. दोघांपैकी एकाची नसेल तर विमान जागचं हलत नाही. आत राजे बसलेले असोत की कोळंबीचे खोके.

आईला हलवायला मात्र एक सही पुरते.

आईने ते थडगं स्वतः निवडलं होतं. बाबांच्या घराण्याच्या थडग्यात जाणार नाही म्हणाली आणि समुद्राच्या बाजूची ती जागा घेतली. त्यात ती एकटीच आहे. तिला तिथून काढायचं कारण काय, ते मला लिही. छापील नको. तुझ्या हाताने.

तोमोए


टोकियो, ७ जून

दादा,

हाताने लिही म्हटलं होतं. तू फोनवर चार ओळी पाठवल्यास. त्या जशाच्या तशा इथे उतरवते, म्हणजे मी काही वाढवलं असं तुला म्हणता येणार नाही.

"तोमोए, समजून घे. तेरा तास विमान, मग चार तास रेल्वे, मग बस. मला जमत नाही. पार्सल दुसऱ्या दिवशी पोचतं, कुणालाच त्रास नाही."

तू माझ्याशी उड्डाणाच्या वेळेबद्दल बोलतोस, हे धाडस आहे.

टोकियो ते हेलसिंकी सरळ अंतर सात हजार आठशे किलोमीटर. तू गेलास तेव्हा तेवढं होतं, आजही तेवढंच आहे. पूर्वी आम्ही जवळपास सरळ, सायबेरियावरून जायचो. साडेनऊ तास, फार तर दहा. युद्ध सुरू झालं, रशियाचं आकाश आम्हाला बंद झालं, आणि आता जाताना विमान अलास्काच्या बाजूने वर चढून ध्रुवाजवळून खाली उतरतं. येताना दक्षिणेकडून, कॅस्पियन समुद्रावरून आणि चीनवरून. म्हणून तेरा तास. शहरं हलली नाहीत. मधली वाट गेली.

पण वाट होती तेव्हाचं बोलू.

पियानो बनवायच्या कामासाठी तू जायचं ठरवलंस ती संध्याकाळ मला आठवते. टेबलावर उकडलेल्या शेंगांची परात होती. तू नकाशा पसरून म्हणालास, "हेलसिंकी म्हणजे युरोपातलं आपल्याला सगळ्यात जवळचं शहर. नऊ-साडेनऊ तास म्हणजे काय गं आई! सकाळी निघालो की संपलं."

आईने शेंग दातांत धरून दाणे ओढले आणि म्हणाली, "त्याहून जवळ आपलं क्यूशू बेट आहे. तिथल्या लोकांकडे पियानो नाहीत का?"

"पियानो सगळीकडे आहेत. पण लाकूड तिकडचं आहे."

"लाकूड आपल्या डोंगरावर पण आहे. ते नाही वाजत?"

तू हसलास. ती हसली नव्हती. तू पाहिलं नाहीस, कारण तू नकाशा घडी करत होतास.

त्यानंतर अकरा वर्षं वाट साडेनऊ तासांची होती. त्या अकरा वर्षांत तू तीनदा आलास. त्यांपैकी एकदा कुणाचातरी पियानो टोकियोत पोचवायचा होता म्हणून. तेव्हा तेरा तासांमुळे जमत नाही असं मला सांगू नकोस. साडेनऊ होते तेव्हाही तुला जमत नव्हतं.

आई गेली त्या मार्चबद्दल मी तुला कधी बोलले नाही, आताही बोलत नाही. आकाश बंद होऊन थोडेच दिवस झाले होते, तुझ्या विमानाचं उड्डाण रद्द झालं, पुढचंही झालं. ती रद्द करणाऱ्यांच्या शेजारच्या टेबलावर मी बसत होते. तुला यायला रस्ता नव्हता, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. सगळा विधी मी तुला फोनवर दाखवला. हात भरून आला तरी फोन हलू दिला नाही.

पण दहन झाल्यावर फोन बंद करावा लागला. त्याचं कारण तू विचारलं नाहीस, म्हणून सांगते. हाडं उचलायला दोन्ही हात लागतात. आणि एक हाड दोघांनी मिळून चॉपस्टिकच्या काड्यांनी उचलून कलशात ठेवायचं असतं, दोघांच्या काड्या एकाच हाडाला. तू माझ्यासमोर उभा असायला हवा होतास. तुझ्या जागी शेजारच्या हात्सुए काकू उभ्या राहिल्या. गळ्याजवळचं ते लहान हाड, जे सगळ्यात शेवटी ठेवतात, ते आम्ही दोनदा पाडलं.

आई त्या कलशात दोघांच्या हातांनी गेली आहे. आणि तू तिला पाकिटाला तिकीट लावल्यासारखं पाठवणार.

तिच्या दुसऱ्या वर्षश्राद्धाला आकाशात विमानं होती. जागाही होत्या. तू फुलं पाठवलीस. ती छान पॅक केलेली होती.

तोमोए


टोकियो, ३० जून

दादा,

तुझं हाताने लिहिलेलं पत्र आलं. आठ पानं. तुझं अक्षर बिघडलं आहे. बहुतेक जपानी लिहायची सवय गेली असावी.

ते वाचून मी रजा टाकली आणि गावी गेले. तू लिहिलंस ते खरं आहे का, हे एकाच माणसाला विचारता येण्यासारखं होतं.

हात्सुए काकू अंगणात कांदे वाळत घालत होत्या. मी नमस्कार न करताच विचारलं, "आईने दादाला सांगितलं होतं? थडगं हलव म्हणून?"

त्यांनी कांद्याची जुडी खाली ठेवली. "आधी पाणी पी."

"काकू, हो की नाही?"

"हो. माझ्यासमोर फोन केला होता तिने. दवाखान्यातून."

"मग मला का नाही सांगितलं कुणी?"

"तू चिडशील म्हणून. आणि बाई, तू आरडाओरडा करून चिडलीस तर एक वेळ परवडेल. तू थंड होतेस. तुझ्या त्या थंडपणासमोर तुझी आईसुद्धा टिकायची नाही. मला म्हणाली, 'तोमोएला मी गेल्यावर कळू दे, तेव्हा मी तिच्या हाती लागणार नाही.'"

हे आईचंच बोलणं आहे. काकूंना असं रचता येत नाही.

म्हणजे खरं आहे. तिने तुला म्हटलं, "तोमोए दर महिन्याला येऊन दगड पुसत बसेल, तिला माझ्या दगडाला बांधू नकोस. आणि तू येणार नाहीस ते मला ठाऊक आहे. दोघांना बरं पडेल अशा जागी ने." तू हे दोन वर्षं पोटात ठेवलंस, आणि मग मला न सांगता कंपनीला सांगितलंस.

मला तिचा राग आला आहे. हे लिहायला काही वाटत नाही. मेलेल्या माणसाचा राग आला की तो कुठे पाठवायचा, याची सोय नसते. म्हणून तोही तुझ्याकडे पाठवते.

एक गोष्ट तुला माहीत नाही. माझी परीक्षा झाली त्या वर्षी आई मला फोनवर विचारायची, आज काय शिकलीस. मी सांगायचे, ती अर्धं ऐकायची. एकदा मी तिला सांगितलं, की प्रत्येक मार्गावर अशी एक जागा असते, जिथून पुढे जायला आणि मागे फिरायला सारखाच वेळ लागतो. ती बरोबर मध्यावर नसते. वारा तिला सरकवतो. आम्ही ती रोज नव्याने काढतो, कारण तिथे काही बिघडलं तर कुठे वळायचं हे आधी ठरलेलं लागतं.

आई म्हणाली, "तुझ्या आणि दादाच्या मध्ये ती कुठे येते?"

मी त्या दिवशीच्या वाऱ्याने काढून सांगितलं. सायबेरियात. एका नदीच्या वर. आसपास गाव नाही.

"मग तिथंच ठेवा मला," ती म्हणाली, "दोघांना सारखं पडेल. भांडण नको."

मला वाटलं, ती थट्टा करते आहे. ती थट्टाच होती. पण ती वर्षानुवर्षं मनात हीच मोजणी करत होती, हे मला आता कळतं. त्या जागेवरून आता आमचं एकही विमान जात नाही.

तेव्हा थडगं हलवण्याबद्दल मी भांडणार नाही. तिची इच्छा होती, तो विषय संपला. पण तिने 'ने' म्हटलं होतं. 'पाठव' म्हटलं नव्हतं. पार्सल तुझं आहे. ते तिच्यावर ढकलू नकोस.

तुझ्या सहाव्या पानाबद्दल. तू लिहितोस, "तेरा तास खरं कारण नाही. आता त्या घरात शिरताना मी 'आलो' म्हणायचं कुणाला? 'आलास?' म्हणणारं कुणी उरलं नाही."

हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि भांडी घासली. सगळी. स्वच्छ होती तीसुद्धा.

मी होते, दादा. श्राद्धाच्या दिवशी सकाळपासून त्या घरात मी होते. दार सरकल्याचा आवाज झाला की बाहेर येत होते. एकदा गुरुजी होते, एकदा फुलवाला, एकदा वारा. मी काय त्या घरातला खांब आहे?

तोमोए


टोकियो, ६ जुलै

दादा,

तू पार्सलबद्दल उत्तर दिलं नाहीस, म्हणून काल मी तुझ्या कंपनीला फोन केला. निवा नावाचा माणूस बोलला. आवाज फार मऊ, सतत उशी ठोकत असल्यासारखा.

"ताई, काळजीच करू नका. आम्ही अतिशय आदराने पॅक करतो. फुग्यांचा कागद दुहेरी असतो."

मी विचारलं, "पार्सलच्या चिठ्ठीवर वस्तूच्या रकान्यात काय लिहिता?"

"'अस्थी.' आणि वर 'नाजूक' अशी लाल पट्टी लावतो."

"पाठवणाऱ्याच्या रकान्यात?"

"आमच्या कंपनीचं नाव."

"आणि घेणाऱ्याच्या?"

"अस्थिगृहाचं."

"म्हणजे तिच्या दोन मुलांपैकी एकाचंही नाव त्या चिठ्ठीवर नाही."

"पद्धत तशीच आहे, ताई. बहुतेक लोकांना तेच बरं वाटतं."

"तारीख पुढे न्यायची असेल तर?"

"ग्राहकाची सही लागेल."

ग्राहक तू आहेस. म्हणून मी लिहिते ते नीट वाच.

थडगं उघडायचं काम सतरा ऑगस्टला ठेव. मेलेली माणसं घरी येतात तो सण तेराला लागतो आणि सोळाला संपतो. त्याआधी आईला त्या घरात एकदा येऊ दे. तू तेराला ये. सतराला दगड उचलला की कलश तू हातात घेशील आणि टोकियोपर्यंत मांडीवर ठेवशील. पूर्ण रेल्वेप्रवास. मी शेजारी बसेन. तुला अवघडलं तर मी घेईन, मला अवघडलं तर तू. वरच्या फळीवर ठेवायचा नाही. मग तुझ्या त्या सात मजली इमारतीत दोघं मिळून ठेवू, आणि अर्जावर माझंही नाव लागेल. त्यानंतर तू तुझ्या लाकडाकडे जा.

जमत नसेल तर तेही कळव. वीस जुलैला निवाची माणसं देवळात येतील, तेव्हा मी थडग्यासमोर उभी असेन आणि हलणार नाही. पोलीस आले तर कागद तुझ्या बाजूचा आहे, हे मला माहीत आहे. गुरुजींना मी तसं सांगून ठेवलं आहे. ते म्हणाले, "छत्री आणा, तिथे सावली नाही."

ही धमकी नाही. माहितीसाठी प्रत.

तोमोए


गाव, १३ ऑगस्ट

दादा,

हे पत्र टपालात टाकत नाही. दारातल्या चपलांच्या कपाटावर ठेवते आहे. तू समोर आलास की मी विमानाबद्दलच बोलेन, बाकीचं जमणार नाही. ते इथे लिहून ठेवते.

तू जुलैत तारीख बदललीस, आणि मला दोन शब्द पाठवलेस. "तिकीट काढलं." उड्डाणाचा क्रमांक दिला नाहीस. तेराला इथे पोचायचं तर हेलसिंकीहून आमचं एकच विमान निघतं, हे तुला माहीत असावं किंवा नसावं.

मी पाळी बदलून घेतली. सहकाऱ्यांनी कारण विचारलं, मी गावी जायचं आहे म्हणाले. ते खोटं नव्हतं.

कॅस्पियनच्या पलीकडे वादळं उभी होती, म्हणून तुला थोडं दक्षिणेकडून वळवून आणलं. पंधरा मिनिटं जास्त लागतील, पण ताट सांडणार नाही. इंधन नियमापेक्षा जास्त घातलं. कॅप्टनचा हेलसिंकीहून फोन आला.

"एवढं कशाला? टोकियोची हवा तर स्वच्छ दाखवतेय."

"दुपारी ढग चढतात."

"गेल्या आठवड्यात तुम्हीच म्हणालात, चढत नाहीत."

"या आठवड्यात चढतात."

तो हसला. "घरचं कुणी आहे का आत?"

"आत कोण आहे ते आम्हाला दिसत नाही," मी म्हटलं. ते खरं आहे. आम्हाला फक्त वजन दिसतं.

"बरं बाई, घेतो," तो म्हणाला. त्याने सही केली. माझी आधीच झाली होती. मग टेबल दुसऱ्याच्या हवाली करून मी पहिली गाडी पकडली.

तू आत्ता चीन ओलांडत असशील. वारा पाठीशी आहे. येताना तो असतोच, जाताना समोरून असतो. म्हणून या वाटेवर घरी येणं लवकर होतं आणि परत जाणं उशिरा. आपल्याकडे या सणात मेलेल्यांसाठीही हाच हिशेब आहे. त्यांना आणायला काड्यांचे पाय टोचलेला काकडीचा घोडा, कारण लवकर यावेत. पोचवायला वांग्याची गाय, कारण सावकाश जावेत. लहानपणी तू घोड्याला मक्याच्या केसांची शेपटी लावायचास.

तुला माहीत नसलेलं आणखी एक. तू आलास त्या तिन्ही वेळा आईने तुझ्यासाठी काकडीचा घोडा करून दारात ठेवला होता. एकदा तर भर जानेवारीत. बाजारात काकडी नव्हती, तिने फुलवाल्याकरवी कुठून तरी मिळवली. हात्सुए काकू तिच्यावर ओरडल्या होत्या, "जिवंत पोरासाठी घोडा करतात का? अवदसा आठवली का तुला!" आई म्हणाली, "मेलेले दर वर्षी येतात. याचंच पक्कं नसतं." तू दार उघडायच्या आत ती घोडा उचलून कपाटात टाकायची. तुला दिसू नये म्हणून.

आज मी दोन काकड्या घेऊन आले. काकूंनी कुंपणावरून पाहिलं आणि आईला म्हटलं होतं तेच मला म्हटलं, अवदसेसकट. मी काकडीला पाय टोचत राहिले. मग त्या घरात जाऊन मक्याचे केस घेऊन आल्या.

माझा राग गेलेला नाही. तू दारात उभा राहिलास म्हणून तो जाईल असं समजू नकोस. अकरा वर्षं आणि त्यापुढची दोन आहेत, ती एका प्रवासात फिटत नाहीत. मला तुझ्याशी भांडायचं आहे आणि ते समोरासमोर भांडायचं आहे, एवढंच यातलं चांगलं.

अंधार पडायच्या आत दारात जाळ करावा लागतो, तिला घर दिसावं म्हणून. तुझी बस त्याच सुमाराला येते. बस चुकली तर जाळ पुरवून पुरवून ठेवीन. दार ओढलेलं असेल, कुलूप नसेल. 'आलो' म्हण. आतून उत्तर येईल. ते आईच्या आवाजात नसेल.

घोडे दोन आहेत. या वेळी ते कपाटात टाकलेले नाहीत, दारातच आहेत, तोंडं घराकडे करून. शेपटी असलेला तुझा.

गाय मी एकच केली आहे. ती आईची. तू परत कसं जायचं ते तुझं तू बघ.

तोमोए